साडेसतरा इंचांचा ओटा

ती गल्ली किती अरुंद होती म्हणून विचाराल, तर डावीकडच्या घरात कुणाला शिंक आली की उजवीकडच्या घरातला माणूस टॉवेल शोधायचा. मांजरंसुद्धा मधोमध वळायची नाहीत. गल्लीच्या तोंडाशी जाऊन वळून यायची. हे काही मुळातलं नव्हतं. नकाशावर गल्ली चांगली ऐसपैस होती. पण प्रत्येक दुकानाची पायरी आणि प्रत्येक घराचा ओटा दरवर्षी बोटभर, दोन बोटं असा पुढे येत गेला होता. सरकताना कुणी कुणाला पाहिलं नव्हतं. विचारलं तर जो तो म्हणायचा, "आमचा आजोबांपासून इथंच आहे." समोरच्याचा मात्र कालच सरकलेला असायचा. त्यामुळे अख्खी गल्ली एकमेकांना पाण्यात बघायची, आणि सकाळी दार उघडल्यावर पहिली शिवी कुणी घालायची याची जणू पाळी लागलेली असायची.

सगळ्यात चिंचोळी जागा एकच. एका बाजूला टेलर मास्तरांचा ओटा, बरोब्बर समोर खिळेकाकांच्या हार्डवेअरच्या दुकानाची दगडी पायरी. खिळेकाकांचं खरं नाव त्यांच्या बायकोलाही आठवायला वेळ लागे. मास्तर ओट्यावर मांडी घालून शिवायचे, कारण डोळे अधू झालेले आणि उजेड काय तो बाहेरच. खिळेकाका पायरीवर खुर्ची टाकून बसायचे, कारण मास्तरांकडे दिवसभर डोळे वटारून बघायचं तर दुसरी जागा नव्हती. दोघांत बारा वर्षं बोलणं नव्हतं. जे काही होतं ते खाकरण्यातून चालायचं.

मास्तरांची मुलगी टाचणी. एकोणीस वर्षांची, अंगानं काडी, आणि जिथं टेकेल तिथं टोचणार, म्हणून ते नाव. वयाच्या नवव्या वर्षापासून ती बापाच्या हाताखाली मापं घेत आलेली. गल्लीतल्या निम्म्या लोकांच्या पोटाचा घेर तिला तोंडपाठ होता आणि भांडणात ती तो मोठ्यानं सांगायची.

आता या सगळ्याला सुरुवात झाली ती टाइपिंगवाल्या बाईंमुळे. बाईंनी चाळीस वर्षं गल्लीतल्या पोरांना टाइपिंग शिकवलं, आणि शिकवलं म्हणजे पट्टीनं बोटं सुजवून शिकवलं. आता त्यांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जावं लागे. दवाखान्याची गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबायची आणि तिथपर्यंत बाईंना खुर्चीत बसवून न्यायचं काम तिघांकडे होतं: टाचणी, ताडमाड उंच लांबू, आणि कायद्याच्या पहिल्याच परीक्षेत दोनदा नापास झालेला वकील.

"सरळ धरा रे! बटाट्याचं पोतं आहे का मी?" बाई पर्सनं लांबूच्या डोक्यात मारायच्या. "तुला तेव्हाही 'क' सापडायचा नाही, आता पायाखालची जमीन सापडत नाही!"

एका सकाळी ती खरंच सापडली नाही. लांबूचा पाय घसरला, खुर्ची कलली आणि बाईंचा हात मोडला. प्लास्टर घालून आल्यावर बाईंनी तिघांना पलंगाशी उभं केलं.

"ऐका. महिनाअखेरपर्यंत गाडी माझ्या दारात आली तर जाईन. नाही आली तर एक तारखेपासून घरीच. खुर्चीतून पडून मरण्यापेक्षा स्वतःच्या गादीवर मरते."

"बाई, डॉक्टर म्हणालेत, दोन खेपा चुकल्या तरी..." वकील म्हणाला.

"तू नापास आहेस. बोलू नकोस."

बाई शब्दाच्या पक्क्या. एकदा त्यांनी रागानं 'मी चहा सोडला' म्हटलं होतं, त्याला सव्वीस वर्षं झाली होती.

गाडीचा ड्रायव्हर येऊन गल्ली चालून गेला. म्हणाला, "बाकी सगळीकडून काढतो मी गाडी घासत-पुसत. अडते ती इथंच. हा ओटा नाहीतर ती पायरी, दोन्हींपैकी एक जरी गेलं तरी दारात लावतो."

टाचणी आधी खिळेकाकांकडे गेली. ते म्हणाले, "तुझ्या बापाला सांग आधी." मग बापाकडे आली. मास्तर सुईवरून नजर न काढता म्हणाले, "त्या खिळ्याला सांग आधी." ती चार वेळा अशी इकडून तिकडे गेली. पाचव्या वेळी तिनं टेप उचलली.

वॉर्ड ऑफिसचा नियम असा होता की अठरा इंचांपर्यंत पुढे आलेलं चालतं. त्याच्या वर गेलं की अख्खंच पाडतात. पण ऑफिसचा मोजणी करणारा माणूस कंबर धरल्यामुळे दोन वर्षं रजेवर होता. तेव्हा नवीन सोय निघाली होती: रहिवाशांनीच मापं घ्यायची, यादी द्यायची, सुनावणीत 'मापं बरोबर आहेत' म्हणून सही करायची. ही सोय वकिलानं शोधून काढली. नापास झाला तरी वाचत असायचा.

मोजणी तीन दिवस चालली आणि तीन दिवसांत गल्लीनं त्या तिघांना काय काय दिलं ते ऐका. पहिल्या मजल्यावरून तीन बादल्या पाणी, त्यातली एक भांडी घासलेल्या पाण्याची. बेकरीवाल्यानं कुत्रं सोडलं. ते लांबूच्या ओळखीचं निघालं म्हणून बेकरीवाल्यानं कुत्र्यालाच शिव्या घातल्या. खडूच्या खुणा पुसायला बायका पायपुसणी घेऊन दारात बसल्या.

"आधी स्वतःच्या बापाचा मोज!" खिळेकाका ओरडले.

"पहिला तोच मोजलाय," टाचणी म्हणाली. "पाय उचला."

तिनं टेप लावावी, आकडा ओरडावा, लांबूनं वहीत लिहावा, असं काम. टेपचं दुसरं टोक वकिलाच्या हातात. अडतीस ओटे-पायऱ्या झाल्या. यादी वॉर्ड ऑफिसच्या फळ्यावर लागली, तेव्हा एकोणीस जण अठराच्या वर निघाले होते. खिळेकाका एकोणीस इंच. टेलर मास्तर साडेएकोणीस.

गंमत बघा, गल्लीनं प्रत्येक गोष्टीवर हरकत घेतली. पोरांच्या वयावर, टाचणीच्या जिभेवर, खडूच्या रंगावर. फक्त आकड्यांवर घेतली नाही. प्रत्येकानं गुपचूप बोटभर बोटभर सरकवलेलं असल्यामुळे आकडा वाचून प्रत्येक जण मनात म्हणाला, 'एवढाच निघाला? बरं झालं.' खिळेकाकांच्या दुकानात टेपांचं खोकं भरलेलं होतं. पण मोजून बघायची हिंमत त्यांनाही झाली नाही.

घरात तर वेगळंच युद्ध. यादी लागली त्या दिवसापासून मास्तर मुलीशी बोलेनात. बोलणं आईच्या मार्फत. आई काजं-बटणं करायची. तिच्या एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला मुलगी.

"तिला म्हणावं, कात्री दे."

"कात्री दे म्हणतात."

"त्यांना म्हणावं, समोरच आहे."

"समोरच आहे म्हणते. आणि मी काय टेलिफोन आहे?"

सुनावणीच्या आदल्या दिवशी दुपारी मास्तरांनी गिऱ्हाइकाची पँट बाजूला ठेवली, टेप घेतली आणि ओट्यावरून खाली उतरले. भिंतीशी टेपचं टोक धरलं, ओट्याच्या कडेला अंगठा. डोळ्याजवळ नेऊन वाचलं. परत लावलं. तिसऱ्यांदा बायकोकडून वाचून घेतलं.

"साडेसतरा," आई म्हणाली.

मास्तर टाचणीकडे वळले. बारा दिवसांत पहिल्यांदा सरळ बोलले. "साडेएकोणीस लिहिलंयस तू. हे दोन इंच कुणाचे?"

टाचणीनं टेप हिसकावून घेतली. स्वतः लावली. साडेसतरा. तिनं वही ओढून आकडा पाहिला, आणि जीभ चावली.

मास्तरांच्या दुकानाची एक रीत होती, त्यांच्या गुरूपासून चालत आलेली. माप घेताना अंगाचा आकडा तोंडातून काढायचाच नाही. शिलाईसाठी दोन इंच कापड जास्त सोडावं लागतं, त्याला माया म्हणतात. ती धरूनच आकडा ओरडायचा, म्हणजे लिहिणारा विसरत नाही आणि कापणारा चुकत नाही. छाती छत्तीस दिसली की तोंडानं अडतीस. दहा वर्षं टाचणीच्या डोळ्यांना एक आकडा दिसत होता आणि जिभेवर दुसरा येत होता. गल्ली मोजतानाही जिभेनं तेच केलं होतं. तिनं अख्ख्या गल्लीला माया सोडली होती.

मास्तर हसले. ते हसणं ऐकून समोरच्या पायरीवर खिळेकाका दचकून उभे राहिले.

"दगडाला माया! दगड शिवायचा होता का तुला, गाढवे? धुतल्यावर आटतो की काय?"

टाचणी वहीत आकडे कापत चालली होती. प्रत्येकातून दोन. एकोणिसातले सतरा जण अठराच्या आत आले. उरले दोन, तेही गल्लीच्या पार शेवटच्या बंद गोदामाचे. ओटा राहणार. पायरीही राहणार. गाडी येणार नाही.

"उद्या सांग सभेत," मास्तर म्हणाले.

"मी नाही सांगणार."

"नाही सांगणार?"

"तुम्हीच सांगा. तुमचा ओटा वाचेल."

मास्तरांची नजर वर गेली. भिंतीवर एक पाटी होती, त्यांच्या स्वतःच्या हातची, उन्हानं पिवळी पडलेली: 'माप चुकल्यास कापड दुकानाचे.' चाळीस वर्षांत ते कापड द्यायची वेळ एकदाही आली नव्हती. निदान मास्तर तसं सांगत.

"मी सांगू?" ते म्हणाले. "त्या खिळ्यासमोर उभं राहून मी सांगू, की माझ्या दुकानाचं माप चुकलं?"

"मग गप्प बसा."

"तू गप्प बस!"

आईनं सुई खाली ठेवली. "दोघंही गप्प बसा. मला काज दिसेना."

दुसऱ्या दिवशी सुनावणीला गल्ली जी लोटली! वॉर्ड ऑफिसच्या हॉलमध्ये खुर्च्या चाळीस आणि माणसं दोनशे. एकेका खुर्चीवर भांडणासकट पाच जण. साहेब म्हणजे एक घामाघूम, बारीक आवाजाचा माणूस. त्यानं तीनदा "शांत राहा" म्हटलं आणि तिन्ही वेळा ते फक्त शेजारच्या टाइपिस्टला ऐकू गेलं.

खिळेकाका उठले. "साहेब, ही पोरं कोण? एक नापास, एक ताड, आणि एक ही! हिच्या बापाला सुईत दोरा घालता येत नाही, आणि ही आमच्या पायऱ्या मोजणार? ज्या दुकानात शर्टाचा एक हात लांब आणि एक आखूड निघतो, त्या दुकानाची टेप ही!"

हॉल हसला. मास्तर मागच्या रांगेत बसले होते. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

साहेबांनी कागद टाचणीपुढे सरकवला. "इथं सही. मापं तुम्ही स्वतः घेतलीत आणि ती बरोबर आहेत, असं आहे हे."

टाचणीनं पेन उचललं. बाईंचा प्लास्टरमधला हात तिच्या डोळ्यांसमोर होता. तारीख अठ्ठावीस होती. एक सही, मग ओटाही जाणार, पायरीही जाणार, गाडी दारात. खोटं असं तरी काय होतं त्यात? दोनच इंच. आणि गल्लीतल्या प्रत्येकाची आपणहून कबूल व्हायची तयारी होती.

"बरोबर आहेत ना?" साहेबांनी विचारलं.

तिच्या आधी मागून आवाज आला.

"बरोबर आहेत!" मास्तर उभे राहिले होते. गळ्यात अजून टेप होती. काढायची राहून गेली होती. "माझ्या दुकानाची टेप आहे ती. माझ्या मुलीनं घेतलेलं माप आहे. चाळीस वर्षांत सुताएवढं चुकलेलं नाही. माझा ओटा साडेएकोणीस इंच आहे. पाडा. आणि त्या खिळ्याची पायरीसुद्धा पाडा."

असं खोटं बोलताना टाचणीनं बापाला कधी पाहिलं नव्हतं. रागावताना पाहिलं होतं, गिऱ्हाइकाला उद्या देतो म्हणून परवा देताना पाहिलं होतं. पण मापाबद्दल खोटं? ज्या माणसानं अर्धा इंच उसवायला लावून तिला रडवलं होतं, तो चारचौघांत छाती काढून दोन इंच खोटं बोलत होता, तेही तिचे. ती चांगली होती म्हणून पुढचं घडलं असं कुणी म्हणू नये. तिचं डोकं फिरलं, एवढंच.

"चुकलीत," ती म्हणाली.

"काय?" साहेब.

"मापं चुकलीत! सगळी. प्रत्येकात दोन इंच जास्त आहेत. शिवणकामाची सवय. ओटा साडेसतरा आहे. खिळेकाकांची पायरी सतरा. लिहा."

हॉलमध्ये जो हशा उठला म्हणता, पंखा उलटा फिरू लागला. बेकरीवाला खुर्चीवरून खाली आला. खिळेकाका दोन्ही हात वर करून नाचायचेच बाकी होते. "दोन इंच! सुताएवढं नाही, दोन इंच! अरे मास्तर, चाळीस वर्षं आमच्या ढगळ पँटी म्हणजे हीच भानगड होय?"

यादी रद्द झाली. बंद गोदामाच्या दोन पायऱ्या तेवढ्या पाडायच्या ठरल्या, ज्यांचा कुणाला काहीच त्रास नव्हता. लांबू रडवेला झाला. वकील म्हणाला, "अपील करता येतं," आणि त्याच्याकडे कुणी बघितलंही नाही.

मास्तर गर्दीतून वाट काढत मुलीजवळ आले. "भर सभेत," ते हळू म्हणाले. "भर सभेत माझं दुकान उसवलंस." आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला मास्तर गल्ली ओलांडून समोर गेले. बारा वर्षांत पहिल्यांदा. खिळेकाका चहा पीत होते. कप तोंडाशीच राहिला.

"सगळ्यात मोठा घण दे," मास्तर म्हणाले.

"क-कशाला?"

"हार्डवेअरचं दुकान आहे ना तुझं? का नाचायचं?"

खिळेकाकांनी घण दिला आणि दिल्याबरोबर काउंटरच्या मागे गेले, कारण मास्तरांचा चेहरा कुणाच्या तरी टाळक्याचं माप घेतल्यासारखा होता. खिडक्यांतून डोकी आली. टाचणी दारात येते न येते तोच पहिला घाव पडला. ओट्याच्या कडेचा दगड उडून खिळेकाकांच्या बोर्डावर आदळला.

"बाबा! काय करताय?"

मास्तर तिच्याकडे न बघता आईला म्हणाले, "तिला विचार, माझ्या दुकानाची पाटी वाचता येते का."

आईनं या वेळी निरोप पोचवला नाही. ती तोंडावर पदर धरून उभी होती.

घाव पडत राहिले. म्हातारा माणूस, डोळे अधू. प्रत्येक चौथा घाव हवेत. लांबू घण घ्यायला पुढे झाला तर त्याला म्हणाले, "दूर हो! दुकानाचं काम दुकान करेल." दोन तासांनी ओट्याच्या जागी दगडमातीचा ढीग होता आणि मास्तर धुळीनं पिठासारखे पांढरे झाले होते. त्यांनी मान वर करून टाइपिंगवाल्या बाईंच्या खिडकीकडे बघितलं.

"बाई! माझ्या दुकानानं तुमचं माप चुकवलं. दोन इंच कमी पडले. माप चुकलं तर कापड दुकानाचं!" त्यांनी घण खाली टाकला. "हे घ्या साडेसतरा. सुटे नाहीत माझ्याकडे!"

मग गल्लीकडे वळून ओरडले, "आता हसा! हसा ना! कुणाच्या दुकानावर आहे का अशी पाटी?"

कुणी हसलं नाही. पण शरमून गप्प बसले असं समजू नका. बेकरीवाला लगेच म्हणाला की धूळ पावावर उडाली.

तीस तारखेला दवाखान्याची गाडी आत आली. खिळेकाकांच्या पायरीला चार बोटं आणि मास्तरांच्या उघड्या भिंतीला तीन बोटं ठेवून ती बाईंच्या दारात थांबली. बाई एका हातानं कठडा धरून खाली आल्या आणि पहिलं वाक्य बोलल्या, "हॉर्न किती कर्कश आहे मेल्याचा." दुसरं वाक्य मास्तरांच्या दाराच्या आत लोटून ठेवलेल्या दगडमातीकडे बघून: "ढीग कधी उचलणार?" आणि गाडीत जाऊन बसल्या.

ओटा गेल्यापासून मास्तर आत, दिव्याखाली शिवतात. दिसत नाही. रोज सकाळी ते वीस सुया आणि दोऱ्याचं रीळ आईपुढे ठेवतात. आई ते टाचणीपुढे सरकवते. टाचणी विसाच्या वीस सुया ओवून उशीला टोचून ठेवते. या सगळ्यात कुणी कुणाशी चकार शब्द बोलत नाही. दोन महिने झाले.

आणि परवा खिळेकाकांना मोकळी जागा दिसली. गाडी येऊन गेली की ते पायरीपुढे पत्र्याच्या बादल्यांची उतरंड मांडू लागले. आधी एक, मग तीन, मग एक झाडूंचा डबा. टाचणीनं बघितलं, खडू कानामागे खोचला आणि टेप घेऊन बाहेर गेली.

"पाय उचला."

"बादल्या आहेत! पायरी नाही!"

"बादल्यांना पाय नसतात का? लांबू, लिही." तिनं टेप लावली आणि तोंड उघडलं.

तेवढ्यात आतून, दिव्याखालून, दोन महिन्यांत पहिल्यांदा तिच्यावर सरळ आवाज आला. असा की खिळेकाकांच्या वरच्या तीन बादल्या आपसूक खाली आल्या.

"अंगाचा आकडा सांग, कार्टे! कापडाचा नको!"